ग्रंथपाल व्हायचंच नव्हतं त्यांना: एस. आर. रंगनाथन आणि आपले सर्च फिल्टर

ऑनलाइन शर्ट घ्यायला बसलात की स्क्रीनच्या डाव्या बाजूला फिल्टर दिसतात. साइज एम, रंग निळा, कापड कॉटन, किंमत हजाराच्या आत. चार ठिकाणी टिक केलं की लाखभर शर्टांतले वीस-पंचवीस उरतात. नोकरीत मी असलेच फिल्टर बनवतो. सकाळी बदलापूरहून लोकल पकडायची, ठाण्याला उतरून ऐरोलीची गाडी धरायची आणि दिवसभर कुठल्या टिकनंतर काय दिसावं याचा कोड लिहायचा. आमच्या भाषेत याला फॅसेटेड सर्च म्हणतात. ही पैलूंची कल्पना ज्यांनी पद्धतशीर मांडली ते मद्रासचे एक गणिताचे प्राध्यापक होते आणि त्यांना ग्रंथपाल व्हायचंच नव्हतं, हे मला यंदा कळलं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत त्यांचं नाव एकदाही कानावर आलं नव्हतं.

कळलं ते माझ्या मामेबहिणीमुळे. ती राहते अंबरनाथला, कॉलेज उल्हासनगरला, टीवायबीए, विषय इतिहास. प्रोजेक्ट घेतला होता अंबरनाथच्या शिवमंदिरावर. देऊळ घरापासून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे तिला वाटलं सोपं काम आहे. फोटो स्वतः काढले, मजकुरासाठी चॅटबॉटला विचारलं. देऊळ इसवी सन ८६० मध्ये बांधलं असं लिहिलं आणि शेवटी पाच संदर्भग्रंथांची यादी जोडली. सरांनी प्रोजेक्ट चाळला आणि म्हणाले की यातली कुठलीही दोन पुस्तकं मला आणून दाखव. इथे सगळं फसलं. पुस्तकांची नावं अगदी खरी वाटावीत अशी, लेखकांची आडनावं इतिहासकारांना शोभतील अशी, एक प्रकाशक तर खरोखरचा. पण त्यातली दोन पुस्तकं कधी छापलीच गेली नव्हती. सरांनी एक आठवडा दिला.

घरात कॉम्प्युटरवाला मी, म्हणून फोन मला आला. दोन तास बसलो. ती पुस्तकं मिळाली नाहीत हे ठीकच, पण देवळाचं खरं वर्ष कोणतं हेही मला खात्रीने सांगता येईना. एक साइट म्हणते ८६०, दुसरी १०६०, तिसरी सांगते पांडवांनी एका रात्रीत बांधलं. सर्च बनवून पोट भरणाऱ्या माणसाला शोधता येत नव्हतं!

खरं सांगायचं तर हे मला नवीन नव्हतं. माझ्या बीईच्या प्रोजेक्टमध्ये लिटरेचर सर्व्हे म्हणून वीस पेपर लावले होते. त्यातल्या चारांचा गोषवारा वाचला होता, बाकीचे सोळा दुसऱ्या कुणाच्या यादीतून उचललेले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका पेपरवर बोट ठेवून विचारलं, यांनी प्रयोग किती जणांवर केला? आम्ही चौघेही जमिनीकडे बघत उभे. आणि त्या कॉलेजात लायब्ररीची ओळख म्हणून पहिल्या वर्षी काय करून दिली होती? पंधरा मिनिटं. बॅग बाहेर ठेवायची, कार्ड हरवलं तर अमुक, पुस्तक उशिरा दिलं तर दिवसाला तमुक दंड. संपलं.

शनिवारी आम्ही दोघं तिच्या कॉलेजच्या लायब्ररीत गेलो. मला वाटलं होतं बाई एखादं कपाट दाखवतील. त्यांनी आधी बहिणीला समोर बसवलं आणि विचारत गेल्या. नक्की काय ठरवायचं आहे, आतापर्यंत काय वाचलंस, ते कुठून मिळालं, हातात किती दिवस आहेत. मग वा. वि. मिराशींचं शिलाहारांच्या कोरीव लेखांवरचं पुस्तक पुढ्यात ठेवलं आणि अंबरनाथच्या शिलालेखाचं पान तिला स्वतःला शोधायला लावलं. तिथे उलगडा झाला. देवळातला शिलालेख शक वर्षात आहे. तो आधी वाचला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, आणि वर्षाचा आकडा लावला ७८२. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा वाचला, तेव्हा आकडा निघाला ९८२. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं. म्हणजे एका वाचनाने ८६०, दुसऱ्याने १०६०. आज अभ्यासक धरतात ते १०६०, शिलाहार राजा माम्वाणीचा काळ. पहिलं वाचन मात्र जुन्या पुस्तकांतून कॉपी होत होत इंटरनेटवर आणि तिथून चॅटबॉटमध्ये उतरलं असणार. झिजलेल्या दगडावरचा एक अंक, आणि दोनशे वर्षांचा फरक!

दोघांचे मूळ लेख एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जर्नलात आहेत आणि ती जुनी जर्नल्स आता स्कॅन होऊन ऑनलाइनही मिळतात, हेही बाईंनीच दाखवलं. मी एवढं सर्च केलं तेव्हा ती वर आली नाहीत, कारण कोणते शब्द टाकायचे हेच मला माहीत नव्हतं. निघताना मी बाईंना विचारलं की हे असं विचारत विचारत शोधायचं तुम्ही कुठे शिकलात. त्यांनी टेबलामागच्या भिंतीकडे हात केला. फोटो होता. पगडी, चष्मा, करारी चेहरा. खाली नाव: डॉ. एस. आर. रंगनाथन. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, त्याला हार घालतात.

त्यानंतरचे दोन महिने मी जाता-येता लोकलमध्ये या माणसाबद्दल वाचत होतो.

गणिताचे मास्तर

शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२ चा, तंजावर भागातल्या शियाळी गावचा. आजचं सिरकाळी. वडील ते सहा वर्षांचे असतानाच गेले. लहानपणी बोलताना अडखळायचे. शाळा गावात झाली, पुढे मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून गणितात बीए आणि १९१६ ला एमए. नंतर शिक्षकीचं प्रशिक्षण घेतलं आणि १९१७ पासून सरकारी कॉलेजात शिकवायला लागले, आधी मंगळूर, मग कोइम्बतूर, १९२१ पासून मद्रासचं प्रेसिडेन्सी कॉलेज. अडखळत बोलणारा मुलगा वर्गात रमणारा शिक्षक झाला होता. रामानुजन त्यांच्याच पिढीतले आणि त्यांच्याच भागातले. म्हातारपणी, १९६७ मध्ये, रंगनाथनांनी त्यांच्यावर एक पुस्तकही लिहिलं.

याच सुमारास मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचं नवं पद काढलं. प्राध्यापकांचा पगार तेव्हा बेताचा, ग्रंथपालाचा बरा. मित्रांच्या आग्रहाने त्यांनीही अर्ज भरला. नऊशेच्या आसपास अर्ज आले होते म्हणतात आणि त्यातल्या एकाचंही ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण झालेलं नव्हतं. होणार कुठून? रंगनाथनांची तयारी म्हणजे मुलाखतीच्या काही दिवस आधी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामधला ग्रंथालयांवरचा लेख वाचला, एवढीच. आपण मुलाखतीच्या आदल्या रात्री विकिपीडिया वाचून जातो ना, तस्संच. त्यांच्या नावावर गणिताचे काही शोधनिबंध होते आणि समितीला संशोधनाची सवय असलेला माणूस हवा होता. निवड झाली. जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले.

आणि काही दिवसांतच वैतागले. मोठी खोली, पुस्तकांचे ढीग, माणूस कुणी नाही. वर्गातल्या मुलांची सवय असलेल्याला ही शांतता खायला उठली. त्यांनी परत शिकवायला जायची परवानगी मागितली. तोडगा असा निघाला की आधी लंडनला जाऊन ग्रंथालयांचं काम शिकून या. आल्यावरही नको वाटलं तर गणिताची जागा तुमचीच. जॉब चेंज करताना जुनी कंपनी दार उघडं ठेवते, त्यातला हा प्रकार.

लंडन आणि एक खेळण्याचं दुकान

१९२४ च्या सप्टेंबरपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते इंग्लंडमध्ये होते. युनिव्हर्सिटी कॉलेजच्या ग्रंथालय विद्यालयात नाव घातलं. तिथे वर्गीकरण शिकवायला डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स होते, क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख. या माणसाने रंगनाथनांची ओढ ओळखली आणि पुस्तकी अभ्यासापेक्षा ग्रंथालयं बघत फिरायला लावलं. शंभरावर ग्रंथालयं त्यांनी पाहिली. कामगार वस्तीतल्या लायब्ररीत संध्याकाळी लोक रांग लावून पुस्तक नेतात, लहान मुलांसाठी वेगळी खोली असते, टेबलामागची व्यक्ती उठून वाचकापाशी जाते, हे सगळं त्यांनी पाहिलं. मद्रासच्या रिकाम्या खोलीत काय कमी होतं ते इथे कळलं. गणिताची जागा मागायला ते परत कधी गेले नाहीत.

दुसरी गोष्ट मात्र त्यांना तिथे खटकली, आणि आमच्या कामाचा धागा इथून सुरू होतो. बहुतेक ठिकाणी पुस्तकं लावायला मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाची १८७६ सालची दशांश पद्धत वापरायचे. सगळं ज्ञान दहा वर्गांत, प्रत्येकाचे दहा भाग, त्यांचे पुन्हा दहा. तुमच्या कॉम्प्युटरवर फोल्डरमध्ये फोल्डर असतात, अगदी तसं. यात अडचण काय, ते अंबरनाथच्या देवळावरून बघा. त्याच्यावरचं पुस्तक कुठल्या फोल्डरात टाकाल? स्थापत्यात, इतिहासात, धर्मात, की ठाणे जिल्ह्यात? एकात टाकलं की बाकी तीन ठिकाणी शोधणाऱ्याला ते सापडत नाही. शिवाय कप्पे आधीच ठरलेले. अमेरिकेत बसून कप्पे पाडणाऱ्याला भारतातल्या विषयांसाठी किती जागा ठेवाविशी वाटली असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

असं म्हणतात की लंडनच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. भोकं पाडलेल्या पट्ट्या, चाकं, नटबोल्ट. विक्रेता त्याच तुकड्यांपासून कधी क्रेन, कधी पूल, कधी गाडी बनवून दाखवत होता. त्यांच्या डोक्यात आलं की विषयांचे तयार कप्पे कशाला हवेत? विषयाचे तुकडे करून ठेवू आणि पुस्तक आलं की ते जोडू. नटबोल्टच्या जागी त्यांनी विरामचिन्ह घेतलं, कोलन. परतीच्या बोटीवर जहाजाच्या लायब्ररीतल्या पुस्तकांवर त्यांनी हे करून बघायला सुरुवात केली होती. १९३३ मध्ये ते पुस्तकरूपात आलं, त्यालाच आपल्याकडे द्विबिंदू किंवा कोलन वर्गीकरण म्हणतात.

पुढे त्यांनी यात पाच मूळ पैलू नक्की केले. एखाद्या विषयात मुख्य वस्तू कोणती, ती कशाची बनली आहे, तिच्यावर कुठली क्रिया चालली आहे, कुठे आणि कधी. आपलं उदाहरण घेऊ. कुणी शोधनिबंध लिहिला, अकराव्या शतकातल्या अंबरनाथच्या दगडी देवळाचं जतन. वस्तू देऊळ, द्रव्य दगड, क्रिया जतन, स्थळ अंबरनाथ, काळ अकरावं शतक. आता कुणी दगडाकडून येवो की जतनाकडून, पोचेल इथेच. रंगनाथनांचं काम ब्रिटनमधल्या वर्गीकरण अभ्यासकांच्या एका गटाने १९५० च्या दशकात उचललं, तिथून ते माहितीशास्त्रात गेलं आणि वेब आल्यावर आमच्यासारख्यांच्या हातात पडलं. रंग, साइज, कापड, किंमत. शर्टाचे पैलू.

थोडी टीकाही करतो. त्यांची चिन्हपद्धत प्रत्यक्षात फार किचकट होती. क्षयावरच्या एखाद्या निबंधाला अक्षरं, आकडे, स्वल्पविराम, कोलन मिळून असा लांबलचक क्रमांक मिळायचा की पुस्तकाच्या पाठीवर मावणं मुश्कील. शिवाय ते दर आवृत्तीत नियम बदलायचे, म्हणजे आधी लावलेली कपाटं पुन्हा लावा. आमच्याकडे याला ब्रेकिंग चेंज म्हणतात आणि तो करणाऱ्याला कुणी दुवा देत नाही. म्हणूनच भारतातसुद्धा बहुसंख्य लायब्ऱ्या आजही ड्युईच वापरतात. कल्पना जिंकली, सॉफ्टवेअर हरलं.

मद्रासची वीस वर्षं

१९२५ मध्ये परत आल्यावर त्यांनी जे केलं त्याला मी वर्गीकरणापेक्षा मोठं मानतो, आणि तेच आपण विसरलो आहोत.

कपाटं उघडी केली. वाचकाने आत यावं, हाताळावं, चाळावं. लायब्ररी उघडी असण्याच्या वेळा वाढवल्या. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ उभा राहिला, दुसऱ्या वर्षापासून ग्रंथपालांसाठी वर्ग. १९३१ मध्ये मन्नारगुडी भागात बैलगाडीवरचं फिरतं ग्रंथालय निघालं, त्यामागेही हीच चळवळ होती. त्याच वर्षी त्यांचं पंचसूत्रांचं पुस्तक आलं, जे आजही ग्रंथालयशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असतं. माझ्या शब्दांत त्याचा आशय असा की पुस्तक वापरण्यासाठी आहे, जपून ठेवायला नाही. वाचक कुणीही असो, त्याला हवं ते पुस्तक कुठेतरी आहे. प्रत्येक पुस्तकालाही वाचक मिळायला हवा. शोधण्यात त्याचा वेळ वाया जाऊ नये. आणि लायब्ररी वाढत राहते, तिला तशी जागा ठेवा. १९३६ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयाला समुद्रकिनाऱ्याजवळ नवी इमारत मिळाली.

एक गोष्ट इथे आपल्याकडचीही सांगायला हवी. हे सगळं आकाशातून पडलं नव्हतं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे महाराज झाले आणि १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर मोफत ग्रंथालयं उभी करायला घेतली. पुढच्या वर्षी बडोद्यात ग्रंथपालांचा वर्गही सुरू झाला. म्हणजे मद्रासच्या आधी बडोदा. फरक हा की बडोद्याचा जोर गावोगाव पुस्तक पोचवण्यावर होता, आणि रंगनाथनांना विद्यापीठात येणारा गोंधळलेला विद्यार्थी दिसत होता.

तो विद्यार्थी त्यांना चांगला माहीत होता, सात वर्षं त्यालाच शिकवलं होतं. गावातून आलेला, शाळेत एक क्रमिक पुस्तक पाठ केलेला, आणि आता हजारो पुस्तकांपुढे उभा. याला नुसती उघडी कपाटं देऊन काय होणार? त्यांनी संदर्भ सेवा नावाचं काम उभं केलं. म्हणजे वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालून देणारा माणूस, ज्याचं काम शिक्का मारणं नाही. १९४० मध्ये त्यांनी या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यांच्या संदर्भ सेवेच्या मांडणीत एक भाग खास नवागत विद्यार्थ्यांचा आहे. कॉलेजात पहिल्यांदा आलेल्याला लायब्ररीत दीक्षा कशी द्यायची. थोड्या-थोड्या मुलांना आत न्यायचं, पुस्तकं या क्रमाने का लावली आहेत ते सांगायचं, तालिकेतून कपाटापर्यंत कसं पोचायचं ते दाखवायचं, कोश, सूची, वार्षिकं हातात द्यायची. आणि पुढे मूल स्वतःचा प्रश्न घेऊन आलं की त्या प्रश्नावर पुन्हा सोबत बसायचं.

याला आज माहिती साक्षरता म्हणतात. मला काय माहीत करून घ्यायचं आहे हे ओळखणं, ते कुठे मिळेल ते कळणं, मिळालेलं खरं की खोटं तपासणं आणि कुठून घेतलं ते प्रामाणिकपणे सांगणं. हा शब्द अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी १९७४ मध्ये वापरात आणला. रंगनाथन त्याच्या दोन वर्षं आधी गेले होते.

त्यांचा मुख्य मुद्दा, मला समजला तो असा. शोधायला येणारा माणूस पहिला प्रश्न बहुतेक वेळा चुकीचा विचारतो. तो म्हणतो देवळांवर पुस्तक द्या. त्याला हवं असतं एका शिलालेखाचं वर्ष. मधलं अंतर कुणीतरी बोलून, विचारून पार करून द्यावं लागतं. बाईंनी बहिणीला समोर बसवून केलं ते हेच. आमचा सर्च बॉक्स काय करतो? जे टाइप केलं त्याचं उत्तर देतो, पटकन. चॅटबॉट तर त्याहून पुढचा, हवं तसं उत्तर देतो. पाच सूत्रांतलं वेळ वाचवायचं तेवढं एक सूत्र आम्ही इंजिनिअर लोकांनी उचललं, कारण ते मिलिसेकंदांत मोजता येतं.

किंमत

या वीस वर्षांची किंमत घरच्यांनीही मोजली असणार. पहिली पत्नी रुक्मिणी १९२८ मध्ये अपघातात गेल्या. पुढच्या वर्षी शारदांशी लग्न झालं. त्या दिवशीसुद्धा ते लायब्ररीत कामाला हजर झाले अशी गोष्ट सांगतात. सुट्टी म्हणून घ्यायची नाही, आठवड्याचे सातही दिवस काम. ही गोष्ट सगळीकडे कौतुकाने सांगितलेली वाचली. मला नाही ती कौतुकाची वाटत. रात्री अकराला मेलला उत्तर देणाऱ्याला मेहनती म्हणायची आमच्या क्षेत्रातली रीत मला माहीत आहे आणि त्याचं पुढे काय होतं तेही.

पुढे विद्यापीठाच्या प्रशासनाशी खटके उडाले. १९४५ च्या सुमारास, पन्नाशी नुकती उलटलेली असताना, ते मद्रासहून बाहेर पडले. ज्या जागेला वीस वर्षं दिली तिथून असं निघणं त्यांना लागलं होतं. तेव्हा बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू असलेल्या राधाकृष्णन यांनी बोलावून घेतलं. तिथे दोन वर्षांत लाखभर पुस्तकांचं वर्गीकरण त्यांनी जवळजवळ एकहाती केलं. मन रमवायचा हाही एक मार्ग असेल. १९४७ मध्ये सर मॉरिस ग्वायर यांनी दिल्ली विद्यापीठात आणलं, तिथे ग्रंथालयशास्त्राचे पदवी आणि त्यापुढचे अभ्यासक्रम उभे राहिले. १९४८ मध्ये मद्रास प्रांताने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, त्यामागे त्यांचा बऱ्याच वर्षांचा पाठपुरावा होता. महाराष्ट्राचा कायदा आला १९६७ मध्ये.

नंतरचं भराभर सांगतो. काही वर्षं झुरिकला राहून लिखाण, १९५७ मध्ये पद्मश्री, उज्जैनच्या विक्रम विद्यापीठात अध्यापन. आयुष्यभराच्या बचतीतून एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला दिले, ज्या विद्यापीठातून मन दुखावून निघाले होते त्यालाच, आणि त्यातून ग्रंथालयशास्त्राचं अध्यासन पत्नीच्या नावे झालं. १९६२ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेअंतर्गत बंगळूरला प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र काढलं. १९६५ मध्ये सरकारने राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक केलं. २७ सप्टेंबर १९७२ ला बंगळूरलाच ते गेले. मुलगा इंजिनिअर झाला आणि नातू रंगा योगेश्वर जर्मन टीव्हीवर विज्ञान समजावून सांगणारा लोकप्रिय चेहरा आहे. समजावून सांगायचं घरातून गेलं नाही म्हणायचं.

उल्हासनगरला परत

आता आपल्याकडे बघा. आमच्या पट्ट्यातली मुलं आळशी नाहीत हो. पहाटेची लोकल, कॉलेज, संध्याकाळी कुणी कॅम्पातल्या दुकानात, कुणी एमआयडीसीत. आणि माल तपासायची अक्कल आमच्याकडे उपजत आहे. उल्हासनगरचा यूएसए छापाचा जुना विनोद तुम्ही ऐकला असेल. इथला माणूस वस्तू हातात घेतली की आधी लेबल बघतो, मग शिलाई, मग हसतो. फक्त ही नजर वेबपेजला लावायची असते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

साधनं आहेत आणि बरीचशी फुकट आहेत. इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट नावाची योजना आहे, तिच्यात नाव असलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्याला हजारो जर्नल्स आणि ई-पुस्तकं घरबसल्या वाचता येतात. लॉगिन लायब्ररीतून मिळतं. तुमच्या कॉलेजात विचारलंत कधी? शोधगंगावर देशभरचे पीएचडी प्रबंध लॉगिनशिवाय उघडतात. आयआयटी खरगपूरने उभारलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी आहे. एशियाटिक सोसायटीचं ग्रंथसंजीवनी पोर्टल आहे. आणि बदलापूरकरांनो, जुनी दुर्मिळ मराठी पुस्तकं शोधायला लोक बाहेरून आपल्या ग्रंथसखा वाचनालयात येतात. माझ्या घरापासून रिक्षाने जाण्याइतकं जवळ, आणि मी यंदा पहिल्यांदा गेलो.

पण यादी दिली की झालं, असं नाही. एन-लिस्टचं लॉगिन बहिणीकडे पहिल्या वर्षापासून होतं. पासवर्डची चिठ्ठी बॅगेच्या कप्प्यात तशीच. त्या शनिवारी बाईंनी ती काढायला लावली, तिच्याच विषयाचे शब्द टाकायला लावले, आलेल्या चाळीस निकालांतले तीन निवडायला लावले आणि का निवडले ते विचारलं. तास-सव्वा तास गेला. त्या लायब्ररीत त्या एकट्या आणि एक मदतनीस. बाहेर पुस्तक बदलायला आलेली मुलं खोळंबली होती. प्रत्येक वर्गाला असा तास द्यायचा तर त्यांना वेळापत्रकात जागा हवी आणि हाताखाली माणूस हवा. दोन्ही मिळालं तर करीन म्हणाल्या. मागणीचा अर्ज देऊन झाला आहे.

बहिणीने प्रोजेक्ट पुन्हा लिहिला. आता त्यात ८६० आणि १०६० ही दोन्ही वर्षं आहेत, कुणी काय वाचलं आणि पुढचं वाचन का मानलं जातं यावर दीड पान आहे. संदर्भ पाचाऐवजी तीनच, पण तिन्ही तिने हातात धरलेले. सरांनी या वेळी एकही पुस्तक आणायला सांगितलं नाही, याचं तिला थोडं वाईटच वाटलं.

हा लेख साइटवर टाकण्याआधी तिला वाचायला पाठवला. पाऊण तासाने तिचा मेसेज आला. रंगनाथनांचा जन्मदिवस एका ठिकाणी ९ ऑगस्ट आहे आणि दुसऱ्या ठिकाणी १२ ऑगस्ट, तर मी कुठला धरला आणि कशावरून, असं विचारत होती. मी मसुद्यात बेधडक १२ लिहून मोकळा झालो होतो. म्हणून वर तुम्हाला फक्त १८९२ दिसतंय. येत्या शनिवारी आम्ही दोघं पुन्हा बाईंकडे जाणार आहोत.